प्रकाशाचा पीळ आणि शेतमालाची पारख

उंसाचा पैसा काट्यावर ठरतो अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. काट्यावर ठरतें तें वजन. दर ठरतो तो साखरेच्या उताऱ्यावर. आणि उंसांत साखर किती आहे हें कारखान्याच्या प्रयोगशाळेंत ज्या यंत्रानें पाहतात, तें यंत्र रस आटवून पाहत नाहीं, कीं त्याची गोडीही चाखत नाहीं. तें प्रकाशाचा एक किरण रसांतून पलीकडे नेतें, आणि त्या किरणाच्या कंपनाची दिशा वाटेंत किती अंश फिरली एवढेंच मोजतें. ह्या यंत्रास ध्रुवणमापक किंवा पोलॅरिमीटर म्हणतात, आणि त्यावरून निघणाऱ्या आंकड्यास कारखान्याच्या भाषेंत ‘पोल’ असें नांव आहे.

आपला बुलढाणा जिल्हा मुख्यतः कापूस, सोयाबीन, तूर व हरभरा यांचा. ऊंस येथें थोडा. सिंदखेडराजा तालुक्यांत दुसरबीड येथें जिजामाता सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता, पण तो पुढें बंद पडला. ज्या गांवांस कारखाना जवळ नाहीं, तेथील उंसास तोडल्यानंतर लांबचा प्रवास करावा लागतो. त्या प्रवासांत उंसाच्या पोटांत काय घडतें, हें ध्रुवणमापक जितक्या स्पष्टपणें सांगतें तितकें डोळ्यांनाही दिसत नाहीं. म्हणून हें यंत्र काय मोजतें, त्याचा आंकडा कितपत विश्वसनीय आहे, आणि त्याच तत्त्वाचा सरकी, मध व फवारणीचीं औषधें यांच्याशीं काय संबंध आहे, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

ध्रुवित प्रकाश म्हणजे काय ?

दोराचें एक टोक खांबास बांधून दुसरें टोक हातानें झटकलें, तर दोरावरून लाट धांवत जाते. हात वर-खालीं हलविला तर लाट उभी असते, डावीकडे-उजवीकडे हलविला तर आडवी. हा दोर कुंपणाच्या दोन उभ्या गजांमधून नेला, तर उभी लाट पार जाईल; आडवी लाट गजांवर आपटून तेथेंच थांबेल. प्रकाशाचेंही कांहींसें असेंच आहे. सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रकाशांत, त्याच्या मार्गाशीं काटकोन करून, सर्व दिशांनीं कंपनें चाललेलीं असतात. कांहीं स्फटिक व कांहीं कृत्रिम पडदे कुंपणासारखें काम करतात. ते एकाच दिशेचीं कंपनें पुढें जाऊं देतात. अशा एकाच दिशेनें कंप पावणाऱ्या प्रकाशास ध्रुवित प्रकाश म्हणतात.

आपल्या दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत कॅल्साइट नांवाचें खनिज सांपडतें. त्याचा स्वच्छ, पारदर्शक तुकडा छापील अक्षरांवर ठेवला तर एका ओळीच्या दोन ओळी दिसतात. तो स्फटिक प्रकाशाचे दोन भाग करतो आणि ते भाग परस्परांशीं काटकोनांत ध्रुवित असतात. स्कॉटलंडांतील विल्यम निकोल यानें १८२८ सालीं ह्याच खनिजाचे दोन तुकडे जोडून, त्यांतील एक भाग बाजूस सारणारा लोलक तयार केला. पुढें दीर्घकाळ ध्रुवणमापकांत हाच लोलक वापरीत असत.

आतां अशीं दोन कुंपणें एकापुढें एक ठेवून दुसरें पहिल्याशीं काटकोनांत फिरविलें, तर पलीकडे अंधार होतो. ह्या अंधारांत दोहोंच्या मध्यें एखादी वस्तु ठेवतांच उजेड दिसूं लागला, तर त्या वस्तूनें ध्रुवित प्रकाशांत कांहीं फरक घडवून आणला असें समजावें. सगळी परीक्षा ह्या एका युक्तीवर उभी आहे. आपल्या जिल्ह्यांतील लोणारचें विवर आकाशांतून पडलेल्या पाषाणाच्या आघातानें झालें, ह्याच्या पुराव्यांतही ह्या युक्तीचा भाग आहे. तेथील खडकांत फेल्डस्पार नांवाच्या खनिजाचे कण असतात व ते अशा अंधारांत एरवीं उजळतात. विवरांतील कांहीं नमुन्यांत मात्र ते काळेच राहिले. कारण आघाताच्या प्रचंड दाबानें त्यांची स्फटिकरचना मोडून त्यांची कांच झाली होती. हा पुरावा १९७३ सालीं प्रसिद्ध झाला. कापसाचा तंतुही ह्याच रीतीनें तपासतां येतो. योग्य पडदा मध्यें घातला असतां, जाड भिंतीचा पक्व तंतु पिवळसर दिसतो आणि पातळ भिंतीचा कच्चा तंतु निळसर दिसतो.

पदार्थांतील पीळ

खनिजाचा स्फटिक किंवा तंतु हा घट्ट पदार्थ. त्याच्या रचनेनें प्रकाशावर परिणाम व्हावा ह्यांत फारसें नवल नाहीं. नवल असें कीं, पाण्यासारख्या पातळ द्रवानेंही कधीं कधीं हा अंधार उजळतो. फ्रान्समध्यें आरागो यानें १८११ सालीं गारेच्या स्फटिकांत हा गुण प्रथम पाहिला, आणि बियो यानें १८१५ सालीं टर्पेंटाइन, साखरेचें पाणी अशा द्रवांतही तो दाखवून दिला. अशा द्रवांतून जातांना प्रकाशाचें कंपन हळूहळू एका बाजूस फिरत जातें. दुसरें कुंपण तितकेंच फिरविलें म्हणजे पुन्हां अंधार होतो, आणि तें किती अंश फिरवावें लागलें हें चकतीवर वाचतां येतें. किरणाकडे तोंड करून पाहणाऱ्यास घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरवावें लागलें तर पदार्थ उजवा, उलट फिरवावें लागलें तर डावा.

द्रवांतले रेणु तर वाटेल तसे आडवेतिडवे पडलेले असतात. मग त्यांचा परिणाम एकमेकांस मारून कां जात नाहीं ? ह्याचें उत्तर आपल्या घरच्या दोरांत आहे. उजव्या पिळाचा दोर उभा धरा, आडवा धरा किंवा टोकाकडून उलटा करून पाहा; त्याचा पीळ उजवाच राहतो. डाव्या पिळाच्या दोराशीं तो कसाही फिरविला तरी जुळत नाहीं. आरशांत मात्र उजव्याचा डावा दिसतो. साखरेच्या रेणूची बांधणी अशीच एका अंगाची आहे. म्हणून रेणु कसेही पडलेले असोत, प्रत्येकाचा फिरविण्याचा कल सरासरीनें एकाच बाजूस पडतो व त्यांची बेरीज होते. लुई पाश्चर यानें १८४८ सालीं टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखालीं एकेक निवडून डावे व उजवे असे दोन ढीग केले. एकाचें पाणी प्रकाशास डावीकडे फिरवी, दुसऱ्याचें उजवीकडे. आणि दोन्ही समभाग मिसळले कीं कांहींच फिरत नसे. एकच द्रव्य, पण जोड्यांतील डाव्या-उजव्या पायताणांप्रमाणें दोन रूपांचें असूं शकतें, हें तेव्हांपासून निश्चित झालें. वनस्पति व प्राणी आपल्या शरीरांत बहुधा ह्यांपैकीं एकच रूप तयार करतात.

जिज्ञासु वाचकांस हें घरींही पाहतां येईल. संगणकाच्या एलसीडी पडद्याचा प्रकाश मुळांतच ध्रुवित असतो. पडदा पांढरा करून त्यापुढें कांचेच्या पेल्यांत साखरेचा दाट, स्वच्छ पाक धरावा आणि ध्रुवित कांचांच्या काळ्या चष्म्याची एक कांच डोळ्यापुढें फिरवीत पाहावें. पाकांत एकामागून एक रंग उमटतात, कारण निळा प्रकाश तांबड्यापेक्षां अधिक फिरतो. साधें पाणी घेतलें तर असे रंग दिसत नाहींत.

उंसाचा रस यंत्रांत

शुद्ध साखर २६ ग्रॅम घेऊन पाण्यानें १०० मिलिलिटर केली व तें पाणी २० सेंटिमीटर लांबीच्या नळींत भरलें, तर सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाचें कंपन सुमारें ३४.६ अंश उजवीकडे फिरतें. साखर अर्धी घेतली तर फिरणेंही अर्धें होतें. नळी अर्धी घेतली तरी तसेंच. ह्या सरळ हिशोबामुळेंच हें यंत्र व्यापारांत आलें. कारखान्यांतील यंत्राच्या पट्टीवर ३४.६ अंशांच्या जागीं १०० हा आंकडा असतो, म्हणजे शेंकडा साखर थेट वाचतां येते. रस गढूळ असल्यास किरण पार जात नाहीं. म्हणून शिशाचा एक क्षार घालून गाळ खालीं बसवितात व रस गाळून घेतात. शिसें विषारी असल्यानें, गडद रसांतूनही पार जाणाऱ्या अवरक्त प्रकाशाचीं यंत्रें आतां निघालीं आहेत.

शेतांत आपण जो हातांतील रिफ्रॅक्टोमीटर वापरतों, तो निराळा. त्यावर दिसणारा ‘ब्रिक्स’ म्हणजे रसांत विरघळलेल्या सर्व पदार्थांचें शेंकडा प्रमाण. त्यांत साखर आली, ग्लुकोज आलें, क्षारही आले. ब्रिक्स चांगला म्हणजे साखर चांगली असें नेहमींच ठरत नाहीं. ब्रिक्सपैकीं पोल किती, ह्यास रसाची शुद्धता म्हणतात, आणि खरा प्रश्न तोच आहे.

ह्या दोहोंतील फरक शिळ्या उंसांत उघड होतो. मिठाई करणारे पाकांत लिंबू पिळतात, म्हणजे पाक दाणेदार होऊन बसत नाहीं. लिंबाच्या आम्लानें व उष्णतेनें साखरेच्या रेणूचे दोन तुकडे होतात, एक ग्लुकोज व दुसरा फ्रुक्टोज, आणि हे मिश्रण सहज स्फटिक धरीत नाहीं. तोडलेल्या उंसांतही हेंच घडतें. उंसाच्या स्वतःच्या पेशींतील एक पाचकद्रव्य आणि रसांतील आम्ल साखरेचे तुकडे करूं लागतात, आणि ऊन जितकें कडक तितकी ही क्रिया जलद होते. साखरेचा फिरविण्याचा अंक ६६.५ उजवा आहे. ग्लुकोजचा सुमारें ५२.७ उजवा, आणि फ्रुक्टोजचा सुमारें ९२.४ डावा. दोन्ही तुकडे समभाग असल्यानें मिश्रणाचा अंक सुमारें २० डावा पडतो. उजवें द्रव्य उलटून डावें झालें, म्हणून शास्त्रज्ञ ह्या क्रियेस उलटणें अशाच अर्थाचें नांव देतात. ब्रिक्स जवळजवळ होता तेवढाच राहतो, चवही गोडच लागते. पण पोल घसरतो. रिफ्रॅक्टोमीटरला जें कळत नाहीं तें ध्रुवणमापक असें उघड करतें.

ह्या घसरणीचा अर्थ आंकड्यांनीं पाहूं. आपल्या देशांत प्रचारांत असलेलें एक सूत्र असें आहे : ब्रिक्समधून पोल वजा करावा, बाकीस ०.४ नें गुणून तो गुणाकार पोलमधून वजा करावा, उरलेल्यास ०.७३ नें गुणावें. म्हणजे शंभर भाग उंसामागें हातीं येण्याजोगी साखर निघते. समजा, ताज्या रसाचा ब्रिक्स २० व पोल १८ आहे, हिशोबानें १२.५६ येतात. ब्रिक्स २० च राहून पोल १६.५ झाला, तर ११.०२ येतात. म्हणजे टनामागें सुमारें १५ किलो साखर नाहींशी झाली. उलटलेली साखर स्वतः तर बुडतेच, पण चांगल्या साखरेसही दाणा धरूं न देतां मळींत ओढून नेते.

उतारा आणि दर

केंद्र सरकारनें २०२५-२६ च्या हंगामासाठीं ठरविलेला रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागें ३५५ रुपये असा होता. त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३ रुपये ४६ पैसे अधिक, आणि खालील प्रत्येक ०.१ टक्क्यास तितकेच कमी. मात्र उतारा ९.५ टक्क्यांच्या खालीं गेला तरी ३२९ रुपये ५ पैशांहून कमी नाहीं. टनाच्या हिशोबानें उताऱ्याचा प्रत्येक दशांश ३४ रुपये ६० पैशांचा झाला.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. हा उतारा एकेका शेतकऱ्याच्या उंसाचा नसून सबंध कारखान्याच्या गाळपाचा असतो. पोल हें रसांतील साखरेचें माप आहे. उतारा म्हणजे प्रत्यक्ष पोत्यांत भरलेली साखर. दोहोंच्या मध्यें चिपाडांतून, गाळांतून व मळींतून जाणारी तूट असते. ज्यानें ताजा, पक्व, पाचट काढलेला ऊंस दिला त्यास, व ज्याचा ऊंस तीन दिवस फडांत पडून राहिला त्यास, दर एकच मिळतो. पहिल्याच्या मेहनतीचा कांहीं भाग दुसऱ्याच्या हयगयीनें खाल्ला जातो. दुसऱ्याचीही चूक नेहमींच असते असें नाहीं. तोडणीची टोळी व गाडी त्याच्या हातीं नसते. शिवाय शिळा ऊंस सुकून त्याचें वजन घटतें, तो तोटा मात्र ज्याचा त्यासच सोसावा लागतो.

यंत्र कोठें फसतें ?

पोलचा आंकडा म्हणजे साखरच, असें सर्वथा समजूं नये. रसांत प्रकाश फिरविणारे जितके पदार्थ असतील त्या सर्वांची ती बेरीज-वजाबाकी असते. फ्रुक्टोज अधिक असला तर पोल खऱ्या साखरेपेक्षां कमी दिसतो. उलट बाजूची फसवणूक अधिक घातक आहे. उंसाच्या कापलेल्या टोकांतून ल्यूकोनोस्टॉक नांवाचे जंतु आंत शिरतात आणि साखर खाऊन डेक्स्ट्रान नांवाचा चिकट पदार्थ तयार करतात. हा पदार्थ साखरेच्या सुमारें तिप्पट जोरानें प्रकाश उजवीकडे फिरवितो. त्यामुळें साखर घटत असतांही आंकडा चांगला दिसतो. पुढें रस घट्ट होऊन गाळणें व उकळणें मंदावतें, साखरेचा दाणा लांबट पडतो, आणि प्रयोगशाळेनें दाखविलेली साखर पोत्यांत येत नाहीं. जळालेल्या व जखमी उंसांत हे जंतु फार लवकर वाढतात.

ह्यावर उपाय आहेत. रसाचा पोल एकदां घ्यावा, मग ठराविक आम्ल व उष्णता देऊन साखर उलटवावी आणि पुन्हां पोल घ्यावा; दोन आंकड्यांतील अंतरावरून खरी साखर अधिक अचूक काढतां येते. ही दुहेरी ध्रुवणाची रीति एकोणिसाव्या शतकांत क्लर्जे ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें घालून दिली.

गुऱ्हाळवाल्यांसही ह्यांतून घेण्याजोगें आहे. शिळ्या उंसाच्या रसाचा गूळ नीट बसत नाहीं, मऊ व चिकट राहतो व पावसाळ्यांत पाझरतो, ह्याचें कारणही हीच उलटलेली साखर. अशा वेळीं कढईस किंवा जाळास दोष देण्यापूर्वीं ऊंस केव्हां तोडला होता तें पाहावें.

मध आणि सरकी

मधमाशी फुलांतील साखर उलटवूनच मध करते. त्यांत बहुधा फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षां अधिक असल्यानें फुलांचा मध सामान्यतः डावा असतो. त्यांत साखरेचा किंवा ग्लुकोजचा पाक मिसळला तर तो उजवीकडे झुकतो. तथापि केवळ ह्यावरून निकाल देणें न्याय्य नव्हे. झाडांवरील किडींच्या गोड स्रावापासून माशांनीं केलेला अस्सल मधही उजवा असूं शकतो. आणि उलटविलेल्या साखरेची भेसळ ह्या परीक्षेंत लपून राहूं शकते.

आमच्या जिल्ह्यास अधिक जवळचा विषय सरकीचा. सरकीच्या मगजांत जे काळसर ठिपके दिसतात त्यांत गॉसिपॉल नांवाचें पिवळें द्रव्य असतें. किडींपासून बचाव करण्यास कपाशी तें तयार करते. ह्या रेणूचे दोन सारखे चपटे भाग एका दांडीनें जोडलेले असून ते एकमेकांशीं तिरके अडकलेले असतात. पूर्ण फिरूं शकत नाहींत. ते उजवीकडे तिरपे अडकले तर एक रूप, डावीकडे अडकले तर दुसरें. सामान्य अमेरिकन जातीच्या कपाशींत दोन्ही रूपें मिसळलेलीं असतात व त्यांचा प्रकाशावरील परिणाम बराचसा एकमेकांस मारतो. त्यामुळें ह्या द्रव्यास पीळ आहे हें पुष्कळ काळ लक्षांत आलें नाहीं; १९६८ सालीं कपाशीच्याच कुळांतील पारोसा पिंपळाच्या झाडांतून मिळालेल्या गॉसिपॉलनें प्रकाश स्पष्ट फिरविला, तेव्हां तें उघड झालें.

हा भेद केवळ पुस्तकी नाहीं. दोन रूपांपैकीं डावें अधिक उपद्रवी आहे. नराच्या प्रजननशक्तीस बाधा येते ती मुख्यतः त्याच्यामुळें, आणि मांसासाठीं पाळलेल्या कोंबड्यांच्या वाढीसही तेंच अधिक मारक ठरलें आहे. गाई-म्हशींच्या मोठ्या पोटांत गॉसिपॉल बऱ्याच अंशीं बांधलें जातें, म्हणून दुभत्या जनावरांस बेतानें दिलेली सरकी सोसते. पण लहान वासरांचें तें पोट तयार झालेलें नसतें, आणि कोंबड्यांस तें नसतेंच. म्हणून दुधावरील वासरांस व कोंबड्यांस कच्ची सरकी घालूं नये, आणि पैदाशीच्या वळूस ती भरपूर देऊं नये. डावें रूप कमी असलेल्या कपाशीच्या जाति निवडण्याचे प्रयत्न ह्याच ज्ञानावर चालले.

फवारणीचीं औषधें

कुलुपांत उजव्या वळणाचीच किल्ली बसावी, तसें किडीच्या किंवा तणाच्या शरीरांत औषधाचें बहुधा एकच रूप लागू पडतें. दुसरें रूप निरुपयोगी राहून नुसतें जमिनींत पडतें. मेटोलॅक्लोर हें तणनाशक प्रथम दोन्ही रूपांच्या मिश्रणानें विकलें जाई; १९९७ पासून प्रामुख्यानें कामाचें रूप असलेलें एस-मेटोलॅक्लोर निघालें, व तेवढेंच तण मारण्यास सुमारें एक तृतीयांश मात्रा कमी पुरूं लागली. सोयाबीनमधील गवतवर्गीय तणांसाठीं वापरल्या जाणाऱ्या क्विझालोफॉप व फ्लुआझिफॉप ह्या औषधांतही एकच रूप तण मारतें. त्या रूपाच्या औषधाच्या नांवांत ‘पी’ हें अक्षर असतें. म्हणून डब्यावरील पूर्ण नांव वाचावें, आणि एका डब्याची मात्रा दुसऱ्यास लावूं नये.

जिवंत शरीराची परीक्षा

मधुमेह्याच्या लघवींतील साखर एके काळीं ध्रुवणमापकानेंच मोजीत, कारण ग्लुकोज उजवें आहे. मग सुईवांचून, त्वचेवर प्रकाश टाकून रक्तांतील साखर कां मोजूं नये, असा प्रश्न साहजिक आहे. अडचण गढूळ रसाचीच आहे. मांस, त्वचा किंवा हिरवें पान ह्यांत प्रकाश असंख्य वेळां इकडेतिकडे आपटतो व त्याची मूळची दिशा हरवते. म्हणून संशोधकांनीं डोळ्याच्या पुढच्या भागांतील स्वच्छ पाण्याकडे लक्ष वळविलें. पण तेथें वाट इतकी आंखूड व साखर इतकी थोडी कीं फिरणें अंशाच्या अत्यल्प भागाएवढेंच असतें. उंसाचा रस काढून, गाळून, नळींत भरावा लागतो तो ह्याच कारणानें.

शेतकऱ्यानें काय करावें ?

तोडणीपूर्वीं ब्रिक्स खालच्या व वरच्या कांड्यांचा निरनिराळा घ्यावा. दोन्ही जवळजवळ सारखे आले म्हणजे ऊंस पक्व समजावा. ऊंस जमिनीलगत तोडावा, पाचट व वाढें त्यांत जाऊं देऊं नये, आणि तोडणी सोपी व्हावी म्हणून फड पेटवूं नये. गाडी येण्याचें निश्चित झाल्यावांचून कोयता लावूं नये. तोडलेला ऊंस चोवीस तासांच्या आंत गाळला जावा असा बेत असावा. तोंवर मोळ्या सावलींत ठेवून पाचटानें झांकाव्या.

हें झालें एकट्याचें काम. परंतु उतारा सर्वांचा एक असल्यानें खरा उपाय सर्वांनीं मिळून करण्याचा आहे. ऊंस लांब पाठविणाऱ्या गांवांनीं कारखान्याशीं बोलणी करतांना दराबरोबरच वेळेचीही गोष्ट काढावी : तोडणीची तारीख व वेळ पावतीवर लिहिली जावी, गव्हाणींत ऊंस केव्हां पडला त्याची नोंद व्हावी, आणि पोल व शुद्धतेचे आंकडे ठराविक मुदतीनें सभासदांस पाहावयास मिळावे. नळींतला किरण कोणाची भीड धरीत नाहीं. पण तो काय सांगतो तें वाचतां आलें, तरच त्याच्या आंकड्यावर ठरणाऱ्या दराविषयीं शेतकऱ्यास जाणत्यासारखें बोलतां येईल.